सातवा गठ्ठा नाहीच!

सहा गठ्ठे. बस्स, सहा! टेबलावरचा, कपाटातला, खिडकीच्या कठड्यावर डब्याखाली दाबून ठेवलेला, मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे वर्षानुवर्षं पडून असलेला, जिथे म्हणून कागद आहे तिथला प्रत्येक कागद या सहांपैकी एका गठ्ठ्यात गेलाच पाहिजे. ‘नंतर बघू’ नावाचा गठ्ठा नाही. ‘सरांना विचारून’ नावाचा नाही. ‘असू दे सध्या इथंच’ हा तर मुळीच नाही. हिला म्हणतात सहा गठ्ठा पद्धत. महाराष्ट्रातल्या सरकारी कचेऱ्यांत ती कित्येक वर्षांपासून आहे, आणि शाळेच्या ऑफिसात कागदांशी झटापट करत बसलेल्या मला ती आत्ता सापडली! सापडल्यापासून मी भेटेल त्याला सांगत सुटले आहे. बसथांब्यावर सांगितलं, लग्नाच्या पंगतीत सांगितलं, आता तुम्हाला सांगते.

आमचं मेडशी अकोला-वाशिम रस्त्यावर आहे. पातूर सोडून घाट चढून वर आलं की मालेगाव तालुक्यातलं हे गाव लागतं. (हे मालेगाव वाशिम जिल्ह्यातलं, नाशिककडचं नव्हे. हा खुलासा आम्हाला जन्मभर करावा लागतो.) रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग १६१ झाला, चौपदरी झाला, वाशिमला जाणं सोपं झालं, आणि त्यासोबत ‘मॅडम, कागद आजच्या आज घेऊन या’ असं फोनवर सांगणंही सोपं झालं.

शाळेत मी लिपिक. एकटीच. बाहेरच्यांना वाटतं, शाळेच्या ऑफिसात काम ते काय असणार? चार दाखले लिहायचे, दोन पावत्या फाडायच्या. अहो, एकदा येऊन बसा! महिन्याचं वेतन देयक शालार्थवर चढवा, ते वेतन पथकाकडे पोचवा, कोणाचं पुरवणी देयक राहिलं ते बघा. यू-डायस प्लसची माहिती भरा. पोषण आहाराच्या तांदळाची शिल्लक रोजच्या रोज जुळवा. सावित्रीबाई फुले शिष्यवृत्तीच्या मुलींची खाती बँकेला जोडली गेली का ते पाहा. दहावीचे अर्ज अमरावती बोर्डाकडे गेले पाहिजेत, त्यातलं आईचं नाव आणि जन्मतारीख दाखल-खारीज रजिस्टरशी अक्षरन्अक्षर जुळलं पाहिजे. १ जुलैची वेतनवाढ सेवापुस्तकात आली पाहिजे. ३० सप्टेंबरची पटसंख्या संचमान्यतेसाठी हवी. हे सगळं करताना दारात कोणीतरी बोनाफाईडसाठी उभं असतंच, आणि त्याची बस सुटायला पाच मिनिटं असतात. हे सगळं डोक्यात ठेवायचं, अशीच रीत. चांगला लिपिक कोण? ज्याला सगळं पाठ आहे तो! तो रजेवर गेला की शाळा आंधळी.

तर झालं असं. २०२५ च्या सुरुवातीला राज्य सरकारचा कार्यालयीन सुधारणांचा शंभर दिवसांचा कार्यक्रम आला. संकेतस्थळ, सुकर जीवनमान, स्वच्छता, तक्रार निवारण, कार्यालयातल्या सोयी, गुंतवणूक, क्षेत्रीय भेटी असे त्याचे सात मुद्दे. सगळ्या कचेऱ्यांत झाडलोट सुरू झाली, जुनी वाहनं हलली, कपाटांच्या मागून कागद निघाले. त्याच दिवसांत तालुक्याच्या एका कार्यालयात आमच्या शाळेच्या पत्राचं काय झालं हे विचारायला गेले होते. दिवस जाणार हे धरूनच गेले होते. तिथल्या लिपिकाने फक्त जावक क्रमांक आणि तारीख विचारली. नोंदवही उघडली, बोट फिरवलं, उठला, मागच्या रॅकमधला एक गठ्ठा सोडला आणि पत्र माझ्यासमोर ठेवलं. मी अजून खुर्ची नीट ओढूनही घेतली नव्हती! पत्राला टाचलेलं त्याचं पुढचं पत्र, त्याच्यावर तारीख, आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेली आणखी एक तारीख.

“ही कसली तारीख, भाऊ?”

“या तारखेपर्यंत उत्तर नाही आलं तर स्मरणपत्र द्यायचं. तोपर्यंत याच्याकडे बघायचं कारण नाही.”

“हे सगळं ठेवता कसं तुम्ही?”

“सहा गठ्ठे आहेत मॅडम. काही विशेष नाही त्यात.”

काही विशेष नाही! या माणसाला कल्पनाच नव्हती की त्याने माझ्यापुढे काय उघडून ठेवलं.

गावात परतल्यावर मी थेट आमच्या गल्लीतल्या काकांचं दार वाजवलं. काका महसुलात अव्वल कारकून होते, आता निवृत्त. त्यांनी चष्मा पुसला, हसले आणि म्हणाले, “हे काई नवं नाही पोरी. सोमवारी गोषवारा टेबलावर नसला त आमचा सायेब च्याले हात नव्हता लावत.” मग दोन तास ते बोलत होते आणि मी लिहून घेत होते.

आता नीट ऐका. क्रम कचेरीगणिक थोडा मागेपुढे होतो, पण गोष्ट हीच.

पहिला गठ्ठा प्रलंबित प्रकरणांचा. ज्यावर मला, मीच, काहीतरी करायचं आहे असे कागद. दुसरा प्रतीक्षाधीन. माझं काम झालं आहे, पत्र गेलं आहे, आता समोरच्याच्या उत्तराची वाट आहे. तिसरा नियतकालिकांचा, आठवड्याला, महिन्याला, तिमाहीला, वर्षाला जी माहिती ठरल्या तारखेला जायचीच असते ती. चौथा स्थायी आदेशांचा, म्हणजे शासन निर्णय आणि परिपत्रकं, विषयवार लावलेली. पाचव्यात काम संपलेली, अभिलेख कक्षात जायची प्रकरणं. सहाव्यात मुदत संपलेले, नष्ट करायचे कागद.

एवढंच. पण त्या दुसऱ्या गठ्ठ्याकडे जरा थांबून बघा. माझा जीव जडला आहे त्या गठ्ठ्यावर! टेबलावर पंचवीस कागद दिसतात आणि छातीत धडधड होते. पण त्या पंचवीसपैकी निम्म्यांवर आज आपल्याला करण्यासारखं काहीच नसतं. चेंडू दुसऱ्याच्या अंगणात असतो आणि धाप आपल्याला लागलेली असते. दर तासाला तो कागद हाताखाली येतो, आपण तो पुन्हा पहिल्यापासून वाचतो, ‘अरे हो, हे तर तिकडे गेलंय’ म्हणून पुन्हा खाली ठेवतो. दिवसभरात असं किती वेळा होतं, विचारू नका. प्रतीक्षाधीन गठ्ठ्यात कागद टाकला, कोपऱ्यात स्मरणपत्राची तारीख घातली, तारखेच्या क्रमाने लावला, की तो कागद त्या दिवसापर्यंत मेला. त्याचा विचार करायचा नाही! करायला बंदी! मला ही बंदी इतकी आवडली आहे म्हणून सांगू. घरी भाजी चिरताना ‘त्या भविष्य निर्वाह निधीच्या प्रकरणाचं काय झालं असेल’ हे मनात येणं थांबलं. कारण ते मला नाही, गठ्ठ्याला माहीत आहे.

आणि तिसरा! शाळेच्या लिपिकाचं अर्धं आयुष्य तिसऱ्या गठ्ठ्यात आहे हे मला माहीतच नव्हतं. वेतन देयक अचानक येत नाही हो, दर महिन्याला येतं. यू-डायस दर वर्षी, संचमान्यता दर वर्षी, दहावीचे अर्ज दर वर्षी, वेतनवाढ दर १ जुलैला. तरी दर वेळी आपण अशी धावपळ करतो की जणू पहिल्यांदाच आभाळातून पडलं. काकांनी मला एक जाडी वही आणायला लावली. एका पानावर एक नियतकालिक. कोणाकडे जातं, कोणत्या तारखेला जातं, त्यासाठी कोणते आकडे लागतात, ते आकडे कोणत्या रजिस्टरमधून येतात, मागच्या वेळी कोणत्या तारखेला गेलं. वही पुरी झाली तेव्हा मी ती उलटसुलट चाळली आणि थक्क झाले. माझी सगळी नोकरी त्या वहीत होती. उद्या मी आजारी पडले तर शाळा आंधळी होणार नाही!

पण गठ्ठे बांधून भागत नाही. गठ्ठ्यांच्या आधी नोंद. आलेला प्रत्येक कागद आवक नोंदवहीत. तिथून कार्यविवरण नोंदवहीत, जिला सगळे वर्कशीट म्हणतात. कोणाकडून आला, विषय काय, मी काय केलं, कधी निकाली काढला. आणि दर सोमवारी सकाळी गोषवारा. मागची शिल्लक किती, आठवड्यात नवीन आले किती, एकूण किती, निकाली किती, आता शिल्लक किती. शिल्लक असेल तर ती किती जुनी: सात दिवसांच्या आतली, पंधराच्या आतली, महिन्याच्या आतली, की त्याहून जुनी. गोषवारा मुख्याध्यापकांच्या टेबलावर, त्यांची सही, मग बाकीचं काम.

सुरुवातीला सर म्हणाले, “मॅडम, आपली शाळा आहे, कलेक्टर ऑफिस नाही.” तिसऱ्या-चौथ्या गोषवाऱ्यानंतर मात्र तेच सकाळी आल्या आल्या विचारू लागले, “गोषवारा?” कारण त्यांना पहिल्यांदा कळत होतं की ऑफिसात काय चाललंय. नाहीतर मुख्याध्यापकाला दोनच गोष्टी कळतात. कोणी ओरडलं तर काम राहिलं आहे, कोणी ओरडलं नाही तर झालं असावं.

शिक्षकवृंदाचं मत वेगळं होतं. एक सर म्हणाले, “कागद ठेवण्यातच दिवस गेला तर काम कधी करणार?” आक्षेप खोटा नव्हता. पहिले काही आठवडे खरंच तसंच झालं, घरी जायला उशीर होत होता, आणि मी पुस्तकातल्यासारखं हसत नव्हते. पण हा हिशोब एका बाजूचा आहे. कागद शोधण्यात जाणारा वेळ कोणी कधी मोजतच नाही, तो कामातच धरलेला असतो. ठेवण्यात जाणारा वेळ तेवढा डोळ्यावर येतो.

आता पाचव्या-सहाव्या गठ्ठ्याकडे. इथे अभिलेखांच्या वर्गवारीचं शास्त्र येतं: अ वर्ग कायमचा, ब वर्ग तीस वर्षं, क वर्ग दहा वर्षं, क-१ पाच वर्षं, ड वर्ग एक वर्ष. आणि प्रत्येक वर्गाला कापडाचा रंग! अ ला लाल, ब ला हिरवा, क ला पिवळा, ड ला पांढरा. मी अकोल्याहून कापडाचे तागे आणले, काकूंच्या मशीनवर रुमाल शिवून घेतले, प्रत्येक गठ्ठ्यावर आतल्या कागदांची यादी चिकटवली. आमच्या शाळेतले सेवक भाऊ ते सगळं रॅकवर चढवताना म्हणाले, “मॅडम, दप्तराले लाल-हिरवं पातय नेसोलं का तुमी?” म्हटलं, हो भाऊ, नेसवलं; सणच आहे!

पण इथे एक गंभीर गोष्ट सांगते, कारण उत्साहात माणूस नेमका इथेच घसरतो. नष्ट करायचा गठ्ठा म्हणजे शाळेच्या मागे काडी लावायचा गठ्ठा नव्हे. आधी यादी, यादीला सक्षम अधिकाऱ्याची मंजुरी, नष्ट केल्याची नोंद, मगच कागद जातो. निंदणीकरण म्हणतात कचेऱ्यांत याला. आमच्याकडच्या माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. सोयाबीनमध्ये निंदायला बसलेली बाई तण कोणतं आणि पीक कोणतं हे न बघता विळा चालवत नाही.

आणि पीक काय असतं तेही पाहिलं. एक आबाजी आले. नातीचं शिक्षण अडलं होतं, जातवैधता प्रमाणपत्र हवं होतं. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा बघतात, विमुक्त जाती-भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा. म्हणजे त्या मुलीचं आजचं शिक्षण तिच्या आजोबाच्या शाळेच्या पहिल्या दिवशी कोणीतरी शाईने लिहिलेल्या एका ओळीवर लटकलेलं. आबाजी १९६७ च्या आधीचे विद्यार्थी. लाल कापड सोडलं, वर्षाचं रजिस्टर काढलं, अनुक्रमाने पान उलटलं, ओळ सापडली. आबाजींचं नाव, वडिलांचं नाव, जात, जन्मतारीख, गाव. उतारा लिहिला, सरांची सही, शिक्का. आबाजी उताऱ्याकडे बघत राहिले, मग माझ्याकडे. म्हणाले, “आता घरी जाऊन काय सांगू? म्या त भाकर बांधून आनली व्हती.”

मग मी वाचत सुटले. शोधत सुटले! आणि प्रत्येक ठिकाणी हेच, आधीपासून, आपल्याकडे. ऐंशीच्या दशकात अहमदनगरला (आता अहिल्यानगर) अनिलकुमार लखीना नावाचे जिल्हाधिकारी होते. त्यांनी कलेक्टर कचेरीची बैठक, कागदाचा प्रवास, अभिलेखांची मांडणी मुळापासून बदलली. ‘लखीना पॅटर्न’ म्हणून राज्यभर त्याचं नाव झालं आणि जुन्या कर्मचाऱ्यांच्या तोंडी ते अजून आहे. २०१७ साली पुण्याचे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवी यांनी ‘झिरो पेंडन्सी अँड डेली डिस्पोजल’ सुरू केलं. आधी साचलेलं निपटायचं, मग रोजचं रोज. बदल्यांचा आणि विलंब प्रतिबंधाचा २००५ चा कायदा तर स्पष्टच म्हणतो की साधी फाइल एका कर्मचाऱ्याकडे कामकाजाच्या सात दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, तातडीची चार दिवसांत निघाली पाहिजे आणि अतितातडीची त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी. तो कायदा आमच्यासारख्या अनुदानित शाळेच्या लिपिकाला कितपत लागतो याचा खल करत मी बसले नाही. सात दिवस मी घेतले!

त्याही मागे जा. पेशव्यांच्या हुजूर दफ्तरात ‘चालते दफ्तर’ आणि ‘एक बेरीज दफ्तर’ असे भाग होते, रोजकीर्द रोजची रोज लिहिली जात होती. नाना फडणविसांच्या काळात ती शिस्त कडक होती, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात ती ढिली पडली. पुण्याच्या पुरालेखागारात आजही ते कागद रुमालांत बांधलेले आहेत, हजारो रुमाल! माझ्या रॅकवरच्या गठ्ठ्यांचं हे खानदान.

माझा भाचा हिंजवडीत एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. त्याला फोनवर हे सांगितलं तर तो म्हणाला, “मावशी, हे तर जीटीडी आहे!” म्हणजे काय, तर डेव्हिड ॲलन नावाच्या अमेरिकन गृहस्थांचं ‘गेटिंग थिंग्ज डन’ हे २००१ चं पुस्तक, जगभर खपलेलं. त्यात ‘वाट पाहतो आहे’ अशी एक वेगळी यादी ठेवायला सांगितली आहे. (माझा दुसरा गठ्ठा!) आणि ४३ फायली. महिन्याच्या ३१ दिवसांच्या ३१ आणि वर्षाच्या १२ महिन्यांच्या १२; ज्या दिवशी जो कागद लागेल तो त्या दिवसाच्या फायलीत. (माझा तिसरा!) मग त्याने मला टोयोटा कारखान्यातल्या ताइइची ओनो यांचं कानबान सांगितलं. हातातलं काम पुढे गेल्याशिवाय मागचं ओढायचं नाही, आणि कुठे काय अडलंय ते भिंतीवर सगळ्यांना दिसलं पाहिजे. जपान्यांची नीटनेटकेपणाची पाच सूत्रं सांगितली: सेइरी, सेइतोन, सेइसो, सेइकेत्सू, शित्सुके. त्याच्या ऑफिसात या सगळ्याचं प्रशिक्षण देतात, त्याला पैसे मोजतात, प्रमाणपत्र मिळतं. मी म्हटलं, बाळा, आमच्या काकांना फक्त चहा लागला.

एवढं कौतुक केल्यावर या पद्धतीला लागणारी कीडही सांगितलीच पाहिजे, कारण ती कीड मी ओळखायला शिकले आहे. गोषवाऱ्यातली शिल्लक कमी दाखवायची असेल तर सगळ्यात सोपी युक्ती कोणती? त्रुटी काढा! अर्जात काहीतरी खुसपट काढून पत्र पाठवून द्या. कागद पहिल्या गठ्ठ्यातून दुसऱ्यात. काम तिथंच, पण आकडा खाली. अर्जदार बिचारा आधी आधार कार्डाची प्रत द्यायला येतो, मग रेशन कार्डाची, मग ‘साक्षांकित हवी होती’ म्हणून पुन्हा. पद्धत पाळली गेली, माणूस मेला. म्हणून मी माझ्यापुरता नियम केला की त्रुटी काढायच्याच असतील तर एकाच पत्रात सगळ्या. दुसऱ्यांदा त्रुटी काढायची तर सरांची सही. आणि मला खरं सांगायचं तर ‘झिरो’ या शब्दाचाही जरा धाक वाटतो. दर सोमवारी शून्य शिल्लक लिहिणारा लिपिक एकतर काम घेतच नसेल, नाहीतर दुसऱ्याच्या टेबलावर ढकलत असेल. चालत्या ऑफिसात थोडी शिल्लक असायचीच. ती जुनी नसली म्हणजे झालं. गोषवाऱ्यात मी एकूण शिल्लक नंतर बघते, आधी महिन्यावरच्या शिल्लकीचा रकाना बघते. तिथे आकडा आला की माझं डोकं फिरतं.

दुसरी गोष्ट, ही पद्धत ढिली करून चालत नाही. मी खूप जणांना सांगून पाहिलं, आणि प्रत्येकाला त्यात आपली एक सवलत हवी असते. “सोमवारऐवजी जमेल तसा गोषवारा दिला तर?” “पहिला आणि दुसरा गठ्ठा एकच ठेवला तर?” “एक संकीर्ण फाइल ठेवू ना!” संकीर्ण! ती एक फाइल उघडली की सहा महिन्यांत सहाही गठ्ठे तिच्या पोटात जातात. या पद्धतीचा सगळा दम तिच्या हट्टात आहे. कागद हातात आला की लगेच ठरवावं लागतं की हा माझा की दुसऱ्याचा, आजचा की ठरल्या तारखेचा, ठेवायचा की टाकायचा. ते ठरवायचा कंटाळा म्हणून तर टेबलं भरतात. सवलत दिली की कंटाळ्याला वाट मिळाली.

घरातही मी हात घातला. शेतकरी घरात कागद काय कमी असतात? सातबारा, सोसायटीचं कर्ज, पीक विम्याची पावती, ट्रॅक्टरचा हप्ता, खताची बिलं, सगळं एका पत्र्याच्या डब्यात. आता बघा, बियाण्याचं बिल, पिशवी आणि तिच्यावरचं लेबल जपून ठेवलं नाही तर सोयाबीन उगवलं नाही म्हणून तक्रार कशाच्या जोरावर करणार? २०२० च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून ओरड झाली तेव्हा ज्यांच्याकडे बिल आणि लेबल होतं त्यांचंच म्हणणं कागदावर चढू शकत होतं. पीक विम्यात २०२५ च्या खरिपाआधी नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागायची; पावसाने शेत बुडालेलं असताना पावती शोधण्यातच त्यातला एक दिवस जायचा! सासूबाई आधी कुरकुरल्या. आता त्याच शेजारणींना डब्यातले कप्पे उघडून दाखवतात.

माझं मागणं शिक्षण विभागाकडे, संस्थाचालकांकडे आणि लिपिकांच्या संघटनांकडे आहे. नव्या लिपिकाला रुजू झाल्या दिवशी संगणकाचा पासवर्ड देता, सोबत या सहा गठ्ठ्यांचंही एक दिवसाचं प्रशिक्षण द्या. ते द्यायला पुण्या-मुंबईहून कोणी आणायची गरज नाही. प्रत्येक तालुक्याला महसुलातले, जिल्हा परिषदेतले निवृत्त अव्वल कारकून आहेत, आणि त्यांना विचारणारं कोणी नाही म्हणून ते ओट्यावर बसून आहेत.

आणि तुम्ही स्वतःच सुरू करणार असाल तर सगळं ऑफिस एकदम उलथून ठेवू नका. आधी नियतकालिकांची वही करा, कारण पगार त्यावर आहे आणि पगार वेळेवर झाला की सहकाऱ्यांची तोंडं आपोआप बंद होतात. मग दुसरा गठ्ठा. जुन्या कपाटाला सगळ्यात शेवटी हात लावा, आणि मंजुरीशिवाय एक चिठोराही फाडू नका. कापड मांजरपाटच घ्या. सिंथेटिकची गाठ सुटते.